अण्णांचं वय ७६, गाडी अजून तेच चालवतात. नीट चालवतात की नाही हे कसं तपासायचं?

सातारची_लेक

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. साताऱ्यात ते आणि आई दोघंच असतात, मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. कोरेगावच्या बाजूला आमचं थोडं शेत आहे. तिथं अण्णा आठवड्यातून दोन-तीनदा स्वतः गाडी घेऊन जातात. जुनी वॅगन-आर आहे, गिअरची. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे दवाखाना, भाजी, लग्नकार्य, सगळं अण्णांच्या गाडीवरच चालतं.

दिवाळीपासून गाडीच्या डाव्या बाजूला नवे ओरखडे दिसतात. विचारलं तर म्हणतात, "फाटक अरुंद आहे." फाटक तीस वर्षांपूर्वी होतं तेवढंच आहे. जानेवारीत त्यांच्यासोबत शेतावरून परत येताना अंधार पडला होता. पुढे उसाची डबल ट्रॉली होती, मागे लाल दिवा नाही. मला ती बऱ्याच लांबून दिसली, त्यांनी मात्र अगदी जवळ गेल्यावर ब्रेक मारला. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत खुपतात असं हल्ली सारखं म्हणतात. दिवसा मात्र माझ्यापेक्षा शांतपणे चालवतात, हेही खरं.

भाऊ म्हणतो, किल्ली काढून घे आणि ड्रायव्हर लाव. अण्णा म्हणतात, "आजवर माझ्या हातून कुणाला धक्का लागलेला नाही." दोघांचंही बोलणं तिथंच थांबतं. मला त्यांचा अपमान करायचा नाही. पण उद्या रस्त्यात कुणाचं लेकरू आडवं आलं तर काय, या विचारानं मला झोप लागत नाही. लायसनचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे.

गाडी चालवण्याची क्षमता घरच्या घरी किंवा डॉक्टरांकडे मोजता येते का? या वयात त्यात सुधारणा होते का? आणि थांबायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं? ज्यांनी हे घरात केलंय त्यांनी कृपया लिहा.

---

निवृत्त_एसटी_प्रशिक्षक

ताई, मी एसटीत आधी चालक होतो, नंतर बरीच वर्षं नवीन चालकांना शिकवलं. आता वय ७१. निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीतल्या वयस्कर मंडळींच्या शेजारी बसून त्यांची गाडी बघायचं काम मी आपणहून करतो, कारण हा प्रश्न घरोघरी आहे आणि घरच्यांनी विचारला की भांडण होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाडी बघा. ओरखडे नेमके कुठं आहेत? मागच्या डाव्या दारावर आणि त्याच्या मागं असतील तर वळताना मागचं चाक आत येतं त्याचा अंदाज चुकतोय. तो सरावानं परत येतो. पण पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, बंपरला, आरशाला असतील तर त्या बाजूचं दिसतच नसेल अशी शंका घ्या आणि बाकी काही करायच्या आधी डोळे तपासा.

मग त्यांच्या शेजारी बसा. शेताच्या रस्त्यावर नको, तो रस्ता त्यांना इतका पाठ आहे की त्यावर दोष झाकला जातो. सकाळच्या उजेडात शहरातनं फिरा. पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालचा भुयारी रस्ता घ्या, तिथं आत शिरायच्या आधीच कुठं बाहेर पडायचं ते ठरवावं लागतं. राजवाड्याच्या बाजूची गर्दी घ्या. मग बॉम्बे रेस्टॉरंट चौकाकडनं सर्व्हिस रोडनं हायवेला लागा आणि पुढच्या फाट्याला परत फिरा. पहिल्या फेरीत एक शब्द बोलायचा नाही. "अहो ब्रेक" म्हटलं की परीक्षा संपली, मग ते तुमच्या डोळ्यांनी चालवायला लागतात. फक्त हँडब्रेकवर लक्ष असू द्या.

बघायचं काय? सगळ्यात आधी उजवं वळण. समोरनं येणाऱ्या गाडीचा वेग, तिचं अंतर, रस्ता ओलांडणारा माणूस आणि मधेच घुसणारी मोटारसायकल, हा सगळा हिशेब एकाच वेळी करावा लागतो. वय झालं की पहिल्यांदा इथंच अडतं. चांगला चालक थांबतो, दोन्हीकडं मान वळवून बघतो आणि एकदाच जातो. निम्म्यात जाऊन थबकत असतील किंवा समोरच्याला करकचून ब्रेक मारायला लावत असतील तर लिहून ठेवा. दुसरं, हायवेला लागताना नुसत्या आरशावर जातात की मान वळवतात. तिसरं, पुढच्या गाडीपासूनचं अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळनं गेली की मनात एक हजार एक, एक हजार दोन असं मोजा. आपण त्या खांबाशी एक हजार चारच्या आधी पोचलो तर ह्या वयाला ते अंतर कमी आहे. चौथं, तुमच्याशी बोलता बोलता चौक आला तर ते बोलणं थांबवतात का. थांबवत असतील तर चांगलं लक्षण आहे, चौकाला पूर्ण लक्ष लागतं हे त्यांना कळतंय. बोलणं चालू आणि सिग्नल हुकला, तर काळजीचं.

आता सुधारणेचं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग होतो तो बोलत गाडी चालवण्याचा. जे दिसतंय ते चालकानं मोठ्यानं म्हणायचं: "डावीकडं शाळा, पोरं आहेत, पाय ब्रेकवर. पुढं रिक्षा थांबली, दार उघडंल. आरशात टेम्पो." सुरुवातीला लाजतात. पण यातनं दोन गोष्टी कळतात. एक, त्यांची नजर किती लांब जाते. बरेच जण पुढच्या गाडीच्या डिकीकडंच बघत चालवतात. दुसरं, काय सुटतं. तुम्हाला दिसलेली सायकल त्यांच्या बोलण्यात आलीच नाही, तर ती त्यांना दिसली नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं हे केलं की नजर आपोआप लांब जायला लागते. मी हे पंचविशीच्या पोरांकडनं करून घेतलं आणि सत्तरीच्या लोकांकडनंही. दोघांत फरक एवढाच की वयस्कर माणसाला आठवडे जास्त लागतात.

बसणं तपासा. वयानं पाठ वाकते, उंची कमी होते आणि सीट मात्र वीस वर्षांपूर्वी लावलेली तशीच राहते. डोळे स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा निदान चार बोटं वर पाहिजेत. नसतील तर कडक उशी घ्या, मऊ घेतली तर वळणावर अंग घसरतं. छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभरापेक्षा थोडं जास्त, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर तरी अंतर हवं. आरसे बाहेरच्या बाजूला इतके वळवा की आपल्या गाडीची फक्त कड दिसेल.

पायात चप्पल नको. चप्पल पेडलखाली अडकते. पातळ तळाचा बूट घालायचा आणि उजवी टाच ब्रेकच्या समोर टेकवून पंजा फिरवायचा. मोकळ्या मैदानावर दोन दगड ठेवून त्यांच्यामध्ये गाडी थांबवणं, रिव्हर्स घेणं, अचानक ब्रेक लावणं हे करून घ्या. तिथं चूक झाली तर नुकसान नाही.

आणि आता जे लिहितो ते भावालाही दाखवा. पुढच्यातली एखादीही गोष्ट झाली तर त्याच दिवशी गाडी थांबवायची, मग कारण शोधायचं: ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं, उलट्या बाजूनं चाललोय हे लक्षात न येणं, गाडीत चक्कर येणं, आणि आत्ता अपघात टळला हे शेजारच्याला कळलं पण चालकाला कळलंच नाही असं घडणं. शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते. ट्रॉलीच्या वेळी अण्णा नंतर गप्प होते असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्यांना कळलं असावं. तिथनं बोलायला सुरुवात करा.

रात्रीचं चालवणं मात्र आजपासून बंद. उसाचा हंगाम सुरू असताना कोरेगावचा रस्ता अंधार पडल्यावर तरण्या माणसालाही अवघड असतो.

---

डोळे_तपासते_मिरज

मी दृष्टितपासणीचं काम करते. वरच्या काकांनी डावीकडच्या ओरखड्यांबद्दल लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे.

काचबिंदूत आधी बाजूची नजर जाते. समोरचं अक्षर अन् अक्षर वाचता येतं, दुखत नाही, पेशंटला काहीच कळत नाही. म्हणून "तक्त्यावरच्या सगळ्या ओळी वाचल्या" एवढ्यावर समाधान मानू नका. डॉक्टरांना दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री करायला स्पष्ट सांगा. अण्णांना मधुमेह असेल तर बाहुली मोठी करून पडदाही तपासून घ्या.

दिवे खुपणं आणि बिनदिव्याची ट्रॉली उशिरा दिसणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मोतीबिंदूची शक्यता मोठी. मोतीबिंदूत नुसतं धूसर दिसत नाही, तर काळ्यावरचं करडं ओळखू येत नाही, आणि अंधारातली ट्रॉली म्हणजे नेमकं तेच. शिवाय मोतीबिंदू नसला तरी विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोहोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोहोचतो. वरून डोळे दिपले की सावरायला वेळही जास्त लागतो.

चांगली गोष्ट अशी की मोतीबिंदू काढता येतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या वयस्कर चालकांचे अपघात शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होते.

रात्रीसाठी पिवळ्या काचांचे चष्मे विकतात ते घेऊ नका, त्यांनी प्रकाश आणखी कमी होतो. त्यापेक्षा गाडीची पुढची काच आतून पुसा. आतल्या काचेवरचा धुरकट थर समोरच्या दिव्याला पसरवतो, आणि तो कुणी पुसतच नाही.

---

अलिबागची_मावशी

अगं, मी ७४ वर्षांची आहे आणि गाडी चालवते. म्हणून तुझ्या अण्णांच्या बाजूनं लिहावंसं वाटलं.

यजमान गेल्यावर माझ्या मुलानं फोनवर सांगितलं, "आई, आता गाडी विकून टाकू." मला विचारलं नाही, सांगितलं. माझं देवळात जाणं, बँक, बहिणीकडे रेवदंड्याला जाणं, हे सगळं त्या एका वाक्यात गेलं असतं. मी आठ दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. सून शहाणी. ती म्हणाली, "आई, तुम्हाला स्वतःला कुठं भीती वाटते ते सांगा." तिला मी सगळं सांगितलं. पावसात वाटते. रिव्हर्सला मान वळत नाही म्हणून वाटते. वडखळच्या बाजूला मोठे ट्रक शेजारून जातात तेव्हा वाटते. त्यातून आम्ही दोघींनी कागदावर लिहिलं, कुठं जायचं आणि कुठं नाही. तो कागद माझ्या अक्षरात आहे. तो पाळायला मला जड जात नाही.

मानेसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले. हनुवटी खांद्याकडे नेण्याचा, खांदे फिरवण्याचा आणि घोटा वर-खाली करण्याचा व्यायाम रोज करते. मागचा कॅमेरा बसवून घेतला. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन सांगितलं, मला लायसन आहे पण पुन्हा शिकायचंय. तो मुलगा आधी गोंधळला, मग फार आपुलकीनं शिकवलं त्यानं.

एक सावध करते. क्लच दाबायला नको म्हणून अण्णांसाठी ऑटोमॅटिक गाडी घ्यायचा विचार कराल. मीही घेतली. तिच्यात ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपोआप पुढे सरकते, आणि क्लचच्या सवयीनं डावा पाय मधेच येतो. ती हातात बसेपर्यंत मी मोकळ्या जागेबाहेर नेली नाही. आयुष्यभर गिअरची गाडी चालवलेल्या माणसाला एकदम तिच्यावर बसवून बाजारात पाठवू नका.

आणि ड्रायव्हर लावायचाच तर किल्ली काढून घेण्याआधी लावा. रात्रीच्या लग्नांना, पुण्याला यायला. खंबाटकीच्या घाटात त्यांनी कशाला जावं? पण शेतावर सकाळी जाणं त्यांच्याकडे राहू दे, जमतंय तोवर.

---

कराडचा_डॉक्टर

मी जनरल प्रॅक्टिस करतो. नूतनीकरणासाठी लागणारं प्रमाणपत्र माझ्याकडे रोज कुणीतरी मागतं, म्हणून त्याबद्दल.

खासगी गाडी चालवायला आपल्याकडे वयाची वरची मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढच्या माणसाला लायसन पाच-पाच वर्षांसाठी मिळतं आणि चाळिशीच्या पुढे नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. त्यात आम्हाला विचारलेलं असतं: २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखतो का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का. एवढं सगळं बरोबर असूनही माणूस चौकात गोंधळू शकतो. शिवाय पाच वर्षांत ७६ चे ८१ होतात. म्हणून त्या कागदावर विसंबू नका. अण्णांना घेऊन एकदा निवांत वेळ मागून डॉक्टरांकडे जा.

आम्ही दवाखान्यात करतो त्या चाचण्या साध्या आहेत. दहा फूट भरभर चालत जाऊन वळून परत यायचं. नऊ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद आणि तोल बघावा लागतो, कारण ब्रेकवर जाणारा पाय तोच. दुसरी, कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेषेनं जोडायची: १, मग अ, मग २, मग आ. याला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं जड जातंय असं समजून पुढची तपासणी करतो. घड्याळ काढून त्यात काटे दाखवायला सांगतो. यातली कुठलीही चाचणी एकटी "चालवू नका" असं सांगत नाही. शेजारी बसून जे दिसतं त्याच्याशी ताडून बघायचं.

औषधांची पिशवी सोबत न्या, अगदी सगळी. झोपेची किंवा घबराटीची अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशी गोळी रात्री घेतली तरी तिची गुंगी सकाळपर्यंत उरते. सर्दीच्या गोळ्यांनी झापड येते. प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिननं उभं राहताना चक्कर येऊ शकते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी गाडीत बसायचं नाही आणि गाडीत साखर ठेवायची. माझ्याकडच्या कित्येकांचं "हल्ली गाडी नीट चालवत नाहीत" हे गोळी बदलल्यावर कमी झालंय.

मेंदूच्या सरावाबद्दल: अमेरिकेत 'ॲक्टिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यातल्या निष्कर्षांत, नजरेचा वेग वाढवणारा संगणकावरचा सराव केलेल्या ज्येष्ठांचे स्वतःच्या चुकीनं झालेले अपघात जवळपास निम्म्यानं कमी होते. स्मरणशक्तीच्या सरावानं मात्र तसा फायदा दिसला नाही. शब्दकोडी सोडवून गाडी सुधारेल अशी अपेक्षा नको.

---

सिडनीहून_सासवडकर

आम्ही न्यू साउथ वेल्समध्ये राहतो. इथे ७५ पूर्ण झाले की दरवर्षी डॉक्टरांची तपासणी लागते. ८५ पासून दर दोन वर्षांनी प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी द्यावी लागते. ती द्यायची नसेल तर ठरावीक भागापुरतं मर्यादित लायसन घेता येतं, घरापासून दुकान, दवाखाना, क्लब इतपत. माझ्या सासऱ्यांनी तेच घेतलं. चाचणी सगळ्यांनाच असल्यामुळे कुणाला कमीपणा वाटत नाही आणि मुलांनाही वाईटपणा घ्यावा लागत नाही. आपल्याकडे ते ओझं लेकीवर येतं, म्हणून तुमचा प्रश्न वाचून फार वाटलं.

---

सातारची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशींनी लिहिलं तसं मी अण्णांना विचारलं, तुम्हाला कुठं त्रास होतो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती ट्रॉली मला दिसली नव्हती." आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. तिला हे माहीत होतं.

ओरखडे पुढच्या डाव्या कोपऱ्यावरच आहेत. डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डाव्यात जास्त पिकलेला. पेरिमेट्री केली, काचबिंदू नाही. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, उजव्याची त्यानंतर. तोपर्यंत गाडी बंद ठेवायचं त्यांनी स्वतःच ठरवलं, शेजारचा एक मुलगा शेतावर नेतो.

काका, शस्त्रक्रियेनंतर परत कशी सुरुवात करायची? आणि मधल्या काळात लायसनची तारीख उलटली तर?

---

कराडचा_डॉक्टर

तारखेच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, परिवहनच्या सारथी पोर्टलवर. तारीख उलटून गेल्यावरही एक वर्षापर्यंत नूतनीकरण होतं, त्यानंतर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. पण तारीख गेलेल्या लायसनवर गाडी चालवायची नाही. दोन्ही डोळ्यांचं काम होऊन नवा चष्मा मिळू दे, मग फॉर्म १-ए करून घ्या. घाईनं जुन्या नजरेवर प्रमाणपत्र घेऊ नका.

---

निवृत्त_एसटी_प्रशिक्षक

ताई, अण्णांनी स्वतःच्या तोंडानं ट्रॉलीचं सांगितलं, फार मोठं काम झालं.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याची बाकी असली की दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसतं आणि अंतराचा अंदाज फसतो. त्या काळात डॉक्टर स्पष्ट हो म्हणत नाहीत तोवर स्टिअरिंगवर बसायचं नाही. दोन्ही झाल्यावर पहिले काही दिवस गाडी दुसऱ्यानं चालवायची आणि अण्णांना नुसतं शेजारी बसवून बोलायला लावा, काय काय दिसतंय ते. मग मैदान, मग सकाळची कॉलनी, मग शहर, आणि शेवटी कोरेगाव रस्ता. फाटकाच्या डाव्या खांबाला पांढरा-लाल पट्टा मारून घ्या. आणि मी आधी सांगितली तशीच, गप्प शेजारी बसून, दोन-तीन महिन्यांनी एक फेरी बघा. ओरखडे नवे येतात का तेही तेव्हाच कळेल, म्हणून आत्ताचे रंगवून घ्या.